पार्ले ते फोर्ट, 23 वर्षं: डबेवाल्यांच्या सेवेबद्दल आणि इरफानबद्दल

येत्या 31 मार्चला मी निवृत्त होतोय. परवा महिन्याचे पैसे न्यायला आमचे डबेवाले मामा रविवारी घरी आले, चहा घेतला आणि जाता जाता चपला घालताना म्हणाले, “साहेब, डबा कधीपर्यंत धरू?” प्रश्न साधाच होता, पण मला उत्तर सुचेना. 2002 च्या जूनपासून माझं दुपारचं जेवण या माणसाच्या सायकलवरून निघतं. इतक्या वर्षांत मी पैसे वेळेवर दिले, दिवाळीला रीतीप्रमाणे एका महिन्याचे जादा दिले, पण या सेवेबद्दल चार शब्द कधी कुठे लिहिले नाहीत. आता लिहितो. आणि लिहिताना इरफान खान मध्ये येणारच, कारण माझ्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या होत नाहीत.

आधी सेवेचं. आम्ही पार्ले पूर्वेला राहतो, ऑफिस फोर्टात, चौथ्या मजल्यावर. मामा सकाळी सव्वानऊला दारात येतात. बेल एकदाच वाजते आणि ते थांबत नाहीत. डबा तयार नसेल तर पुढच्या दोन घरांचे घेऊन परत येतात, त्यानंतर नाही. त्यांना गाडी गाठायची असते. स्टेशनवर सगळ्यांचे डबे एकत्र होतात, कुठे उतरायचे त्याप्रमाणे वेगळे होतात, लाकडी पाटीत बसतात आणि लगेजच्या डब्यातून चर्चगेटला जातात. तिथे पुन्हा फूटपाथवर वाटणी. पाऊण वाजायच्या आत डबा माझ्या टेबलाशेजारच्या कपाटावर असतो. आणून देणारे वेगळे, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. दीडनंतर रिकामा डबा तेच उचलतात आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला तो घरी असतो, माझ्या दोन तास आधी. 2002 मध्ये महिन्याला 250 रुपये द्यायचो, आता 1500 देतो.

माझ्या डब्याच्या झाकणावर रंगानं काढलेली अक्षरं आहेत. ‘व्हीएलपी’ म्हणजे विलेपार्ले, मग उतरायच्या ठिकाणाचा आकडा, फोर्टात डबा पोचवणाऱ्याचा आकडा, इमारतीची दोन अक्षरं आणि शेवटी 4, म्हणजे चौथा मजला. माझं नाव त्यात कुठेच नाही. पहिल्या वर्षी मला हे जरा लागलं होतं. मी मामांना म्हटलं, नाव लिहा की. ते म्हणाले, “नावाचे साहेब पाच निघतील, या खुणेचा डबा एकच.”

महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये हे काम सुरू केलं. बहुतेक माणसं खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागांतली, एकमेकांच्या नात्यागोत्यातली, गळ्यात तुळशीची माळ असलेली वारकरी. हार्वर्डनं त्यांच्यावर अभ्यास लिहिला, इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स 2003 मध्ये त्यांना भेटून गेले, हे सगळं वर्तमानपत्रांतून येऊन गेलंय. मामांच्या तोंडून मी हार्वर्डचं नाव एकदाही ऐकलेलं नाही.

आता माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात आहे. अपघाती मृत्यूच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. प्रत्येक फॉर्ममध्ये ‘अपघाताचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यात ‘वाहनाची धडक’ किंवा ‘तोल जाऊन पडणे’ असं लिहून येतं. पण सोबत घरच्यांचं एक पत्र असतं, ते मागितलेलं नसतं, तरी लोक जोडतात. त्यात खरं असतं ते सगळं लिहिलेलं असतं. त्या दिवशी त्यांची पाळी नव्हती, मित्राशी बदलली होती. छत्री विसरली म्हणून परत फिरली होती. एका बाईंनी लिहिलं होतं, “मी त्यांना म्हटलं होतं, दुसरा चहा घेऊन जा.” फाइलला त्या पत्राचा उपयोग शून्य. मी ती सगळी वाचतो. सही करायच्या आधी वाचतो.

म्हणून 2013 च्या सप्टेंबरात ‘द लंचबॉक्स’ लागला आणि पडद्यावर इरफान विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यात, निवृत्तीला आलेला, फायलींच्या ढिगापुढे बसलेला दिसला, तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकलो. टेबलावर कोपर ठेवायची पद्धत, फाइल उघडताना आधी शेवटचं पान बघायची सवय, नव्या माणसाला काम शिकवायचं टाळणं. हे सगळं आमच्या खात्यातलं होतं. दिग्दर्शक रितेश बत्रा मुळात डबेवाल्यांवर माहितीपट करायला आले होते, त्यातून ही गोष्ट निघाली. भारती आचरेकरांच्या देशपांडे काकू तर चित्रपटभर दिसतच नाहीत, वरच्या मजल्यावरून नुसता आवाज येतो आणि टोपली खाली येते. त्या आवाजात आमच्या सोसायटीतल्या किमान चार बायका आहेत.

त्या चित्रपटाची सगळी मांडणी एका चुकीवर उभी आहे. इलाचा डबा नवऱ्याकडे जायचा तो इरफानच्या साजन फर्नांडिसकडे जातो. रोज जातो, आणि डब्यातून दोघांच्या चिठ्ठ्या सुरू होतात. चुकीची गाडीसुद्धा कधी कधी योग्य स्टेशनला नेते, असं त्यात नवाजुद्दीनचा शेख म्हणतो, आणि थिएटरात माझ्या मागची मुलगी हलकेच “खरंय” म्हणाली, ते मला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊण वाजता आम्ही सगळे जरा गप्प होतो. पन्नाशीला टेकलेली माणसं, पण प्रत्येकानं झाकण उघडताना क्षणभर हात थांबवला. माझ्या डब्यात पोळ्या, फरसबीची भाजी, काकडीची कोशिंबीर. माझाच डबा.

भाऊंना मी विचारलं, असं होतं का हो कधी? त्यांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. म्हणाले, “साहेब, डबा चुकला तर दोन माणसं उपाशी. उपाशी माणसाला चिठ्ठी वाचायला कुठलं भान?”

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. चित्रपट मला मनापासून आवडला होता, आजही आवडतो. पण नशीब म्हणजे काहीतरी चुकणं, वळण घेणं, अनोळखी पत्र हाती येणं, एवढंच आपण धरून चालतो. भाऊंचं नशीब वेगळं होतं. डबा पोचला, हेच.

त्या आठवड्यात मी अकरा वर्षांत पहिल्यांदा रिकाम्या डब्यात चिठ्ठी घातली. “भाजी छान झाली होती.” घरी आल्यावर बायको काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पोळ्यांच्या खाली तेलाचा डाग पडलेला कागद होता आणि त्यावर एकच शब्द, “मीठ?” साजनचं इलाला गेलेलं पहिलं उत्तरही मिठाबद्दलच असतं. बायकोनं तोवर चित्रपट पाहिलेला नव्हता.

इरफान माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान, जानेवारी 1967 चा. तरुणपणी क्रिकेटच्या सी. के. नायडू स्पर्धेसाठी त्याची निवड झाली होती आणि जायला पैसे जमले नाहीत, हे त्यानंच सांगितलेलं. पैसे जमले असते तर कदाचित कुठल्यातरी रणजी संघाच्या यादीत त्याचं नाव सापडलं असतं. मीरा नायरच्या ‘सलाम बॉम्बे’मध्ये त्याला मोठी भूमिका मिळणार होती, ती शेवटी रस्त्यावर बसून लोकांची पत्रं लिहून देणाऱ्या माणसाच्या एका छोट्या प्रसंगावर आली. 1988 मध्ये दुसऱ्यांची पत्रं लिहिणारा हा माणूस पंचवीस वर्षांनी डब्यातून स्वतःची पत्रं लिहितो. मला हा योगायोग कुणी दाखवला नाही, मीच एका रात्री लागोपाठ दोन्ही पाहिले तेव्हा दिसला, आणि मी उठून दिवा लावला.

आणि मीरा नायरचाच ‘द नेमसेक’. इथे मला थांबावं लागेल.

11 जुलै 2006, मंगळवार. माझा पहिल्या वर्गाचा पास रविवारी संपला होता. सोमवारी पासाच्या खिडकीवर रांग होती, मी कंटाळा केला. मंगळवारी संध्याकाळी दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढायला उभा राहिलो आणि त्या रांगेत रोजची गाडी गेली. पुढचीही गेली. तिसऱ्या गाडीत दुसऱ्या वर्गात चढलो. ती एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, पुढे थांबली ती हललीच नाही. साडेसहा वाजायला आले होते. पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले होते, सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. आम्हाला त्यातलं काही माहीत नव्हतं. फोन लागत नव्हते. रुळांत उतरलो, रस्त्यावर आलो आणि पार्ल्यापर्यंत चालत गेलो. वाटेत ठिकठिकाणी लोक पाणी आणि बिस्किटं घेऊन उभे होते. घरी पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

बायको स्वयंपाकघरात उभी होती, बसलेली नव्हती. ओट्यावर माझा डबा होता. तो साडेपाचलाच घरी आला होता, रोजच्यासारखा. तिनं तीनही पुडं घासून पालथी घातली होती, मग सुलटी केली होती, पुसली होती, पुन्हा पालथी घातली होती. मी दारात दिसल्यावर तिनं ती पुडं एकात एक बसवली आणि कडी लावली. मग रडली.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला बेल वाजली. मामांनी डबा मागितला नाही. विचारलं, “साहेब आले का?” मी पुढे आलो. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, “मग आज डबा नको ना,” म्हणाले आणि सायकलकडे गेले. त्या सकाळी तो प्रश्न त्यांनी किती दारांत विचारला असेल. बऱ्याच वर्षांनी एकदा बोलण्याच्या ओघात म्हणाले, एका घरातून डबा पुन्हा निघाला नाही.

‘द नेमसेक’ त्यानंतर आठ महिन्यांनी इथे लागला. त्यात इरफानचा अशोक तरुणपणी आगगाडीच्या अपघातातून वाचतो. हातात पुस्तकाचं पान असतं, त्या पानामुळे तो ढिगाऱ्यात दिसतो, आणि त्या पुस्तकाच्या लेखकाचं नाव तो पुढे मुलाला देतो. हे तो मुलाला किती उशिरा सांगतो! आणि सांगताना आवाज चढत नाही, डोळे भरत नाहीत, जणू घराचा पत्ता सांगावा तसं सांगतो. वाचलेला माणूस असाच बोलतो, हे मला तोवर कळलेलं होतं. मी स्वतः त्या पासाच्या रांगेबद्दल मुलीशी कितीतरी वर्षं बोललो नाही. तिला शेवटी सांगितलं ते 2020 मध्ये.

2020 च्या मार्चमध्ये लोकल थांबल्या आणि डबे थांबले. आमचा डबा फळीवर चढला. इरफानचा ‘अंग्रेजी मीडियम’ 13 मार्चला लागला होता आणि थिएटरं लगेच बंद झाली. 25 एप्रिलला जयपूरला त्याची आई गेली, त्याला जाता आलं नाही, आणि 29 एप्रिलला, बुधवारी, तो गेला. मी आणि मुलगी दुपारी बातम्यांसमोर बसलो होतो. तिनं विचारलं, “बाबा, याचे सगळे बघूया का?” मग आम्ही जवळजवळ दोन महिने तेच केलं.

सगळ्यांबद्दल लिहीत नाही. ‘मकबूल’मध्ये ओम पुरी आणि नसीरुद्दीन हे दोन पोलीस कुंडल्या मांडत बसतात, भविष्य सांगतात, आणि इरफानचा चेहरा असा असतो की भविष्य ऐकलं नसतं तर हा माणूस खुनाकडे वळला असता का, हा प्रश्न आपल्यालाच पडतो. मुलीचं मत पडलं की वळलाच असता. माझं नाही. आमचा वाद अजून मिटलेला नाही. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ सरळसरळ ‘लिहिलेलंच होतं’ म्हणून संपतो, पण त्यात इरफान आहे तो चौकशी करणारा इन्स्पेक्टर, म्हणजे जवळपास माझंच काम, उत्तर खरं की बनाव हे ठरवायचं. ‘पानसिंग तोमर’बद्दल एवढंच, की शर्यतीतला धावपटू बंडखोर होतो ते नशिबानं नव्हे, जमिनीच्या भांडणात कुणी दाद लागू दिली नाही म्हणून, आणि हा फरक इरफान शेवटपर्यंत सोडत नाही. राष्ट्रीय पुरस्कार त्याला याच भूमिकेसाठी मिळाला.

आणि ‘कारवाँ’. त्यात दोन शवपेट्यांची अदलाबदल होते आणि भलत्याचा मृतदेह भलत्याच्या हाती येतो. मुलगी एकदम म्हणाली, “बाबा, हा परत डबाच चुकलाय!” तो चित्रपट 2018 च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा इरफान लंडनला उपचार घेत होता. आजाराबद्दल त्यानं लिहिलेल्या पत्रात आगगाडीच होती. आपण वेगानं चाललोय, मनात बेत आहेत, आणि टीसी खांद्यावर हात ठेवून सांगतो की तुमचं स्टेशन आलं, उतरा. ते पत्र मी मुलीला वाचून दाखवत होतो, आणि वाचताना मध्येच थांबून तिला 11 जुलैचं सांगितलं. पासाची रांग, तिसरी गाडी, सगळं. ती उठली आणि फळीवरचा डबा काढून बघून आली. का, ते मी विचारलं नाही.

पुढे ऑफिस सुरू झालं तरी डबा सुरू व्हायला वेळ लागला. तेव्हा मोबाइलवरून जेवण मागवायचो, एका ॲपवरून. एकदा दुसऱ्याच कुणाची पावभाजी आली. पैसे दोन मिनिटांत परत मिळाले, दिलगिरीचा निरोप आला, पण माझं जेवण कुठे गेलं आणि ही कुणाची, हे सांगणारं कुणी नव्हतं. पावभाजी तशीच टेबलावर राहिली. ज्याची होती तो कुठे बसला असेल, याचा मी दुपारभर विचार केला.

मामा 2021 च्या दिवाळीनंतर परत आले. मधला काळ खेड तालुक्यात भावाच्या शेतावर होते. त्यांच्या गटातले काही जण परतलेच नाहीत. कुणी गावी रमलं, कुणाला दुसरं काम मिळालं. गिऱ्हाइकंही कमी झाली, निम्मं ऑफिस घरून काम करायला लागलं. मामा आले त्या दिवशी डब्यावरची अक्षरं पुसट झाली होती. त्यांनी खिशातून रंगाची छोटी डबी काढली आणि पायरीवर बसून ती पुन्हा काढली. शेवटचा 4 जरा तिरका आला, तो अजून तसाच आहे.

कुणाला डबा लावायचा असेल तर माझ्या अनुभवातून थोडं सांगतो. डबा कडीचा घ्या, तीन पुडांचा, बाहेरून ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात बसणारा. फिरकीच्या झाकणाचे नवे डबे दिसायला छान असतात, पण पाटीत नीट बसत नाहीत. आमटी पातळ देऊ नका. जेवण गरम राहील ही अपेक्षा ठेवू नका. तीन तासांत वरण कोमट होतं, भाजी मुरते, आणि मला तर वालाचं बिरडं घरच्यापेक्षा डब्यातलंच आवडतं. चैत्रात गावच्या जत्रेसाठी पाच-सहा दिवस डबे बंद असतात. ते आधी सांगतात, त्या दिवसांची सोय करून ठेवा आणि पैसे कापू नका. सकाळी दहाच्या सुमाराला कुठल्याही स्टेशनबाहेर डब्यांची वाटणी चाललेली असते, तिथे विचारलं तर तुमच्या गल्लीत कोण येतं ते लगेच कळतं. मात्र गाडी यायच्या वेळी बोलत उभे राहू नका.

मोजून पाहिलं तर सुट्ट्या, बंद आणि टाळेबंदी वजा जाता साडेचार हजारांच्या आसपास दुपारी हा डबा माझ्याकडे आला. पावसात आला, गाड्या रखडल्या त्या दिवशी तासभर उशिरा पण आला. दुसऱ्याचा एकदाही आला नाही. ज्या चार हातांतून तो जातो त्यातले दोन मी कधी पाहिलेलेही नाहीत. लगेजच्या डब्यात पाटी कोण चढवतं, चर्चगेटला कोण उतरवतं, मला माहीत नाही.

गेल्या रविवारी आम्ही तिघांनी ‘द लंचबॉक्स’ पुन्हा पाहिला. शेवटी साजन इलाला शोधायला निघतो तो डबेवाल्यांबरोबर, आणि गाडीत त्यांचं भजन चाललेलं असतं. ती भेटते की नाही, चित्रपट सांगत नाही. बायको म्हणाली, भेटणार. तिला विचारलं कशावरून, तर म्हणाली, “डबेवाल्यांबरोबर निघालाय ना.”

मामांना मी 31 तारीख सांगितली आहे. 1 एप्रिलपासून त्यांच्याकडे पार्ले पूर्व ते फोर्ट अशी एका डब्याची जागा रिकामी आहे. हनुमान रोडच्या आसपास राहत असाल तर सव्वानऊला खाली या, सायकल दिसेल.